अधिक्रमण सहा मिनिटं आधी आलं: लपलेला ग्रह की शिळं पंचांग?

नेरुळहून एमएस्सीच्या दोन विद्यार्थिनींनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांनी सोसायटीच्या गच्चीवरून ८ इंची दुर्बिणीने मार्च महिन्यात वॅस्प-४३ बी या बाह्यग्रहाचं, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं, एक अधिक्रमण टिपलं. ग्रह ताऱ्यासमोरून जातो आणि ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो, ते अधिक्रमण. अधिक्रमणाचा मध्य भाकितापेक्षा ६ मिनिटं आधी आला. मग त्यांनी इतर हौशी निरीक्षकांच्या जाहीर नोंदी गोळा केल्या, प्रत्येक वेळी 'दिसलेली वेळ वजा गणिताची वेळ' काढून आलेख मांडला, तर त्यात वरखाली जाणारी लहर दिसली. सॉफ्टवेअरच्या मते तिचं आवर्तन सुमारे ३७ फेऱ्यांचं आहे. आता त्यांना हवंय ते असं: ही लहर एखाद्या न दिसणाऱ्या ग्रहामुळे असू शकते का, असल्यास त्याचं वस्तुमान काढता येईल का, आणि हाच विषय प्रकल्पाला घ्यावा का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. ६ मिनिटं बहुतेक सगळी पंचांगाची, म्हणजे भाकिताच्या जुन्या वेळापत्रकाची, आहेत. लहर बहुधा नोंदी कधी घेतल्या गेल्या त्याची आहे. विषय जरूर घ्या, पण तारा बदला आणि निदान पहिले काही महिने दुर्बिणीला झाकण घाला.

वॅस्प-४३ बी ०.८१३४७४ दिवसांत, म्हणजे साडेएकोणीस तासांत, आपल्या ताऱ्याभोवती फिरतो. त्याचा शोध २०११ मध्ये जाहीर झाला. समजा तुम्ही वापरलेला आवर्तकाल सहा दशांश स्थळांपर्यंत दिलेला आहे आणि त्यातला शेवटचा आकडा एकाने चुकीचा आहे. म्हणजे दर फेरीला ०.०८६४ सेकंदाची चूक. एवढीशी. पण १४ वर्षांत या ग्रहाच्या सुमारे ६,२८५ फेऱ्या होतात, आणि चूक दर फेरीला साठत जाते: ६,२८५ गुणिले ०.०८६४ म्हणजे ५४३ सेकंद, ९ मिनिटं. तुमची ६ मिनिटं त्या ९ च्या आत आरामात बसतात. जुन्या गणिताची पंचांगं वर्षानुवर्षं वापरली की ग्रहणाची छापील वेळ आणि आकाशातली वेळ यांत फरक पडत जायचा, आणि तेव्हा कुणी नवा राहू शोधायला निघालं नाही, गणित सुधारून घेतलं. इथेही पहिलं काम तेच. सगळ्या चांगल्या नोंदींमधून नव्याने सरळ रेषा बसवा, नवा आवर्तकाल आणि नवी आरंभवेळ काढा, आणि त्यानंतर जे उरेल त्याकडेच बघा. एका अधिक्रमणाच्या उशिराला किंवा घाईला अर्थ नसतो. हलचल, म्हणजे अधिक्रमणाच्या वेळेचं मागेपुढे होणं, ही सरळ रेषेपासूनची असते, आणि दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच जाते.

आता घड्याळ. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून सगळे घाईने उरकतात, आणि माझ्याकडे तपासायला आलेल्या 'लपलेल्या ग्रहां'पैकी सर्वांत जास्त इथेच विरघळले आहेत.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षातल्या काही महिन्यांत आपण त्या ताऱ्याच्या थोडे जवळ असतो आणि काही महिन्यांत थोडे लांब. प्रकाशाला पृथ्वी-सूर्य अंतर कापायला ८.३ मिनिटं लागतात. वॅस्प-४३ क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेपासून, फार दूर नाही, म्हणून त्याच्यासाठी हा फरक वर्षभरात जवळजवळ ८ मिनिटं पुढे आणि ८ मिनिटं मागे होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तारा रात्री उशिरा डोक्यावर येतो तेव्हा आपण त्याच्या बाजूला असतो आणि अधिक्रमण आपल्याला लवकर दिसतं. म्हणून प्रत्येक वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन मांडावी लागते. बहुतेक सॉफ्टवेअर हे करतं, पण कुठल्या कालमापनात करतं ते पाहिलंत का? आपल्या लॅपटॉपची वेळ यूटीसीत, म्हणजे जगभरच्या रोजच्या घड्याळांच्या वेळेत, असते. बाह्यग्रहांची भाकितं बहुतेक टीडीबीत असतात, म्हणजे लीप सेकंदांनी न अडखळणारा, सलग वाहणारा काळ. सध्या दोघांत ६९.१८४ सेकंदांचा फरक आहे: २७ लीप सेकंद, आरंभीचे १० सेकंद आणि वर ३२.१८४. यूटीसीतली नोंद टीडीबीतल्या भाकिताशी ताडली की अधिक्रमण सव्वा मिनिटभर 'लवकर' आलेलं दिसणारच. तुमच्या ६ मिनिटांतलं एक मिनिट इथलं असेल तर मला नवल वाटणार नाही. यात लाजायचं काही नाही. केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या माहितीतसुद्धा हीच गल्लत राहिली होती, ६६.१८४ सेकंदांची, आणि ती नंतर दुरुस्त करावी लागली.

गोळा केलेल्या नोंदींत हा धोका दुप्पट आहे. कुणी सूर्यकेंद्री वेळ दिली असेल, कुणी गुरुत्वमध्याची, कुणी यूटीसी, कुणी टीडीबी. पहिल्या दोहोंतला फरक ४ सेकंदांच्या आसपासच राहतो, तो तुम्हाला जाणवणारही नाही. पण यूटीसीवाले हिवाळ्यात आणि टीडीबीवाले उन्हाळ्यात जास्त असले तर मिनिटभराची एक छान लहर आपोआप तयार होते. शिवाय कॅमेरा फाइलवर एक्स्पोजरच्या सुरुवातीची वेळ लिहितो की शेवटची? ६० सेकंदांचं एक्स्पोजर असेल तर अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. आणि गच्चीवर वायफाय पोहोचत नाही म्हणून लॅपटॉपचं घड्याळ दोन दिवस जुळवलेलं नसतं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि निरीक्षण सुरू करण्याआधी, मध्ये आणि संपल्यावर घड्याळ जुळवून घ्या. जीपीएसचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच.

त्यानंतर प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार ताऱ्याचा प्रकाश दाखवणारा आलेख. तुम्ही पाठवलेल्या आलेखात ग्रह ताऱ्यासमोर शिरण्याआधीची सपाट पट्टी जेमतेम १० मिनिटांची आहे, कारण तारा शेजारच्या टॉवरमागून तेवढाच आधी बाहेर आला. ही खरी अडचण आहे. हवेतून येताना प्रकाश क्षितिजाजवळ जास्त गळतो, वर कमी, त्यामुळे वक्राला एक तिरपा उतार येतो. तो उतार काढायला दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण तास सपाट भाग लागतो. एकाच बाजूला असेल तर उतार आणि मध्याची वेळ एकमेकांत अडकतात: उतार जरा बदला, मध्य मिनिटभर सरकतो. वॅस्प-४३ हा तांबूस, थंड तारा आहे. तुलनेला घेतलेले तारे निळसर असतील तर तो उतार आणखी वाढतो. शक्यतो त्याच्यासारख्या रंगाचे तुलना तारे निवडा आणि तांबडा फिल्टर लावा.

आपल्या भागाचं म्हणून काही वेगळंच असतं. माझ्याकडे ठाण्यात मध्यरात्रीनंतर खाडीच्या बाजूने धुरकट थर चढतो, आणि तुमच्याकडे औद्योगिक पट्ट्यामुळे तो थोडा आधीच चढत असावा. सगळे तारे एकदम मंद झाले तर तुलना ताऱ्यांमुळे ते भागतं. पण थर आकाशाच्या एका कोपऱ्यात दाट आणि दुसऱ्यात विरळ असेल तर भागत नाही. आकाशाच्या उजेडाची भीती बाळगू नका. या कामात उजेडापेक्षा अस्थिर हवा जास्त छळते. वांगणीला किंवा मुरबाडच्या पुढे गेलात तर आकाश देखणं मिळेल, पण तेजाने १२व्या प्रतीच्या ताऱ्याची वेळ तुम्हाला गच्चीवरूनही मिळते. पहाटे टाकीचा पंप सुरू झाला की स्लॅब थरथरतो आणि तारे लांबट होतात. आमच्या सोसायटीत पंपाची वेळ विचारून घेणं हा निरीक्षणाच्या तयारीचाच भाग आहे.

मग तुमच्या साधनांनी वेळ किती अचूक निघू शकते? एक ढोबळ सूत्र आहे. त्यात गोंगाट म्हणजे नोंदीतली निरर्थक चढउतार, आणि खोली म्हणजे अधिक्रमणात ताऱ्याचा प्रकाश किती टक्के घटतो ते. एका नोंदीतला गोंगाट भागिले अधिक्रमणाची खोली, त्याला गुणिले वर्गमूळ: आत शिरायला लागणारा काळ भागिले, दर मिनिटाच्या नोंदींची दुप्पट. वॅस्प-४३ बीची खोली सुमारे २.५ टक्के, शिरायला लागणारा काळ १५-१६ मिनिटं, तुमचा गोंगाट अंदाजे ०.६ टक्के, दर मिनिटाला एक नोंद. उत्तर येतं ४० सेकंदांच्या आसपास. हे आदर्श परिस्थितीतलं. हवा, दुर्बिणीने ताऱ्याचा घेतलेला मागोवा आणि कॅमेऱ्यातले ठिपके यांचा गोंगाट एकमेकांशी जोडलेला असतो, एका मिनिटाची चूक पुढच्या मिनिटातही तशीच राहते, म्हणून प्रत्यक्षातली अनिश्चितता दुप्पट-तिप्पट धरा. म्हणजे दीड-दोन मिनिटं. सॉफ्टवेअरने छापलेली '१८ सेकंद' ही संख्या विसरा.

या दीड-दोन मिनिटांशी आता निसर्ग काय देऊ करतो ते ताडून पाहू.

दोन ग्रह एकाच ताऱ्याभोवती फिरत असले की जवळून जाताना एकमेकांना ओढतात. एकाला किंचित वेग मिळतो, दुसऱ्याचा तेवढ्याच हिशेबात कमी होतो. एकेक ओढ नगण्य असते. पण दोघांचे आवर्तकाल १:२ किंवा २:३ अशा साध्या प्रमाणाच्या जवळ असले तर त्यांची गाठ प्रत्येक वेळी कक्षेच्या जवळपास त्याच जागी पडते आणि ओढी साचत जातात. प्रमाण तंतोतंत नसतं, म्हणून गाठीची जागा हळूहळू कक्षेभर सरकते आणि एक पूर्ण चक्कर मारते. त्या चक्करीइतकं लांब आवर्तन वेळेच्या लहरीत दिसतं. ही कल्पना २००५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे नीट मांडली: एकीकडे अ‍ॅगोल आणि सहकारी, दुसरीकडे होल्मन आणि मरे. २०१० मध्ये केप्लर-९ मध्ये ती प्रत्यक्ष दिसली. तिथले दोन ग्रह १९ आणि ३९ दिवसांचे, दोघंही अधिक्रमण करणारे. एक लवकर येऊ लागला की दुसरा उशिरा. अशी उलटसुलट जोडी मिळाली की शंकेला जागा राहत नाही. न दिसणाऱ्या सोबत्याच्या बाबतीत मात्र या साक्षीचा अर्धा भाग आपल्याकडे नसतोच.

वॅस्प-४३ बीला १:२ च्या जवळ, प्रमाणापासून २ टक्के बाहेर, पृथ्वीएवढा सोबती आहे असं धरा. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या ०.७ पट. दोन्ही कक्षा गोल असतील तर लहरीची उंची साडेतीन सेकंदांच्या आसपास निघते. कक्षा किंचित लांबट असतील तर ८-१०. आवर्तन सुमारे ४१ दिवस. तुम्हाला ते साडेतीन सेकंद दीड मिनिटाच्या अनिश्चिततेतून काढायचे आहेत. सोबती पृथ्वीच्या १० पट असेल तर अर्धं मिनिट ते दीड मिनिट, म्हणजे तोही तुमच्या काठावरच. तुमच्या आलेखातली लहर मात्र दोन्हीकडे ३ मिनिटं जाते. एवढी लहर द्यायला लागणारा ग्रह बराच वजनदार हवा, आणि इतका वजनदार ग्रह इतक्या जवळ असता तर ताऱ्याच्या मागेपुढे हलण्याच्या मोजमापात, म्हणजे अरीय वेगात, तो केव्हाच पकडला गेला असता.

आणखी एक गोष्ट याच दिशेने बोट दाखवते. वॅस्प-४३ बी हा 'तप्त गुरू', म्हणजे ताऱ्याला चिकटून फिरणारा गुरूसारखा मोठा ग्रह, आहे, आणि तप्त गुरू सहसा एकटे असतात. स्टेफन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केप्लरच्या माहितीत तप्त गुरूंच्या शेजाऱ्यांचा असाच पद्धतशीर शोध घेतला आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही. अपवाद आहेत. वॅस्प-४७ हा त्यातला सर्वांत गाजलेला, २०१५ मध्ये उजेडात आला: ४.१६ दिवसांच्या गुरूच्या आत ०.७९ दिवसांचा एक छोटा ग्रह आणि बाहेर ९ दिवसांचा एक. पण ते दोघं सापडले ते स्वतःच्या अधिक्रमणांमुळे. गुरूच्या वेळेतली हलचल तिथेही एका मिनिटाच्या आतच आहे.

पेच असा आहे की ठाण्याच्या किंवा नेरुळच्या गच्चीवरून जे ग्रह दिसतात, ते मोठे आणि ताऱ्याला चिकटलेले, त्यांच्यात ही हलचल नसते किंवा फार थोडी असते. जिथे ती भरपूर असते ते ग्रह लहान आणि १० ते १०० दिवसांचे, आणि ते आपल्याला दिसत नाहीत. याला साधं कारण आहे. लहरीची उंची आवर्तकालाच्या प्रमाणात वाढते, आणि १९ तासांच्या ग्रहापाशी वाढायला वाव नाही. केप्लर-८८ पाहा. तिथला ११ दिवसांचा ग्रह कधी १२ तास आधी येतो, कधी १२ तास उशिरा! बाहेर २२ दिवसांचा एक जड ग्रह आहे, जो कधीच ताऱ्यासमोरून जात नाही. नेस्वोर्नी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो फक्त वेळेवरून ओळखला, आणि पुढच्याच वर्षी ताऱ्याच्या अरीय वेगाने त्याला दुजोरा दिला. ही या पद्धतीची सर्वांत देखणी कामगिरी आहे, असं माझं मत. हिच्यासारखी उदाहरणं थोडी असली तरी लहरी मुळात दुर्मीळ नाहीत. केप्लरच्या २,५९९ संभाव्य ग्रहांची वेळ तपासणाऱ्या २०१६ च्या यादीत २६० मध्ये ठळक, दीर्घ मुदतीची हलचल सापडली.

तुमच्या ३७ फेऱ्यांकडे येऊ. एका ठिकाणाहून तुम्हाला प्रत्येक अधिक्रमण दिसत नाही, काही दिवसा होतात, काही तारा मावळल्यावर. वॅस्प-४३ बीच्या १६ फेऱ्या १३ दिवस २२ मिनिटांच्या होतात, म्हणून एका गच्चीवरून चांगली अधिक्रमणं साधारण १३ दिवसांच्या अंतराने हाती लागतात, मधे ५ आणि ११ फेऱ्यांवर काही. आता दर १६ फेऱ्यांनीच नोंद घेतली तर ३७ फेऱ्यांची लहर, २८ फेऱ्यांची लहर आणि सुमारे ११ फेऱ्यांची लहर या तिन्ही त्याच बिंदूंमधून जातात. सॉफ्टवेअर त्यातली एक निवडतं आणि आत्मविश्वासाने छापतं. जगभरचे निरीक्षक असते तर ही पकड सुटली असती, पण तुम्ही गोळा केलेल्या नोंदी बहुतांश युरोपातल्या आहेत, म्हणजे त्यांचीही वेळापत्रकं एकसारखीच. तुमचे बिंदू आहेत त्याच तारखांवर ठेवून त्यांच्या किमतींची अदलाबदल करा, हजार वेळा, आणि दर वेळी सर्वांत उंच लहर किती येते ते पाहा. त्या हजारांतल्या बऱ्याच जणांनी तुमच्या लहरीची बरोबरी केली तर विषय संपला. मग एकेक निरीक्षक वगळून पाहा. एखाद्याच्या नोंदी काढल्या की लहर नाहीशी झाली, तर ती त्याच्या घड्याळाची होती.

असं मोठ्या लोकांच्या बाबतीतही घडलंय. वॅस्प-३ बीच्या मोजक्या वेळांवरून २०१० मध्ये एका लपलेल्या ग्रहाचा दावा छापून आला होता. पुढे जास्त आणि चांगल्या नोंदी आल्या आणि लहर विरली. त्यावर शिक्कामोर्तब करणाऱ्या एका लेखात मूळ दाव्यातलेच संशोधक होते, हे मला आवडतं.

वेळ खरोखर बदलत असली तरी कारण ग्रहच असेल असं नाही. वॅस्प-१२ बी दर वर्षी थोडा लवकर येतो, कारण तो ताऱ्याकडे घसरत चाललाय. त्याचा आवर्तकाल वर्षाला सुमारे २९ मिलिसेकंदांनी कमी होतो. वॅस्प-४ बीची अधिक्रमणं टेस उपग्रहाला भाकितापेक्षा ८२ सेकंद आधी दिसली. तो ग्रह घसरतोय, की अख्खी ग्रहमाला दूरच्या एखाद्या सोबत्याच्या ओढीने आपल्याकडे सरकतेय, यावर बरीच घासाघीस झाली आहे. दुसरं उत्तर खरं असेल तर तोही न दिसणारा सोबतीच, पण वेगळ्या प्रकारचा: एकट्या ग्रहाला नाही, ताऱ्यासकट अख्ख्या ग्रहमालेला ओढणारा. याशिवाय ताऱ्यावरचे डाग. ग्रह डागावरून गेला की वक्रात छोटा उंचवटा येतो आणि मध्य एका बाजूला खेचला जातो. वॅस्प-४३ सारख्या अस्वस्थ ताऱ्यावर हे विसरून चालणार नाही. उपचंद्राचं, म्हणजे त्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या चंद्राचं, नाव मी मुद्दामच घेत नाही. त्या वाटेला तूर्त जाऊ नका.

वस्तुमानाचा प्रश्न राहिला, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण हा भाग मला सर्वांत जास्त रस देतो.

केप्लर-१९ बी हा ९.२८७ दिवसांचा ग्रह. बॅलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की त्याची वेळ ५ मिनिटं मागेपुढे होते आणि ही लहर ३१६ दिवसांची आहे. म्हणजे कुणीतरी नक्की आहे. पण कोण? कागद घ्या. गाठीची चक्कर किती दिवसांची, याचं सूत्र सोपं आहे: बाहेरच्या ग्रहाच्या आवर्तकालाने भागलेला प्रमाणातला मोठा अंक, वजा आतल्याच्या आवर्तकालाने भागलेला लहान अंक, आणि जे येईल त्याचा व्यस्त. ३१६ दिवस यायला १:२ च्या आसपास १८.०४ किंवा १९.१४ दिवसांचा ग्रह चालतो. २:३ घेतलं तर १३.७३ किंवा १४.१४ दिवसांचा. आतल्या बाजूचे पर्याय वेगळेच. प्रत्येक पर्यायाला वस्तुमान वेगळं. आणि एकाच पर्यायात राहिलो तरी जड ग्रह व गोल कक्षा, किंवा हलका ग्रह व लांबट कक्षा, दोन्ही तीच ५ मिनिटं देतात. म्हणून त्या लेखात ग्रह आहे एवढं ठामपणे म्हटलं, आणि आवर्तकाल १६० दिवसांच्या आत, वस्तुमान गुरूच्या ६ पटींच्या आत, अशा सैल मर्यादा दिल्या. शहाण्या माणसांचं काम.

उत्तर २०१७ मध्ये मालाव्होल्टा आणि सहकाऱ्यांनी अरीय वेग जोडून काढलं. सोबती २८.७३ दिवसांचा निघाला, पृथ्वीच्या सुमारे १३ पट. १:३ चं प्रमाण! सूत्रात घाला: ३ भागिले २८.७३, वजा १ भागिले ९.२८७, व्यस्त घेतला की ३०७ दिवस. ३१६ च्या शेजारीच. वर ६३ दिवसांचा तिसरा ग्रहही मिळाला. नुसत्या लहरीवर पैज लावायची असती तर मी १:२ वर लावली असती, आणि हरलो असतो.

आकडा जुळला की ग्रह सापडला असं होत नाही, याचं आपल्याकडचं उदाहरण सांगतो. पंचांगशोधनात आयुष्य घालवलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत केलं होतं. नाव दिलं ब्रह्मा, अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट, प्रदक्षिणा सुमारे २४२ वर्षं. १९३० मध्ये प्लूटो सापडला: साडेएकोणचाळीस पट, २४८ वर्षं. वाचताना ऊर भरून येतो. पण प्लूटोचं वस्तुमान पृथ्वीच्या साडेचारशेव्या हिश्श्याच्या आसपास. तो कुणालाही जाणवेल इतकं ओढूच शकत नाही. अंतर जुळलं, ओढ जुळली नाही. केतकरांची गणिती ताकद मोठीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण या एका जुळणीला पुरावा म्हणता येत नाही, आणि १८४६ च्या नेपच्यूनला म्हणता येतं, कारण तिथे ओढ आणि जागा दोन्ही जुळल्या.

तर प्रकल्प. केप्लर-१९ किंवा केप्लर-८८ घ्या. केप्लरची २००९ ते २०१३ ची माहिती सर्वांना खुली आहे, लाइटकर्व्ह नावाच्या पायथन संचाने ती लॅपटॉपवर उतरते. आधी सगळी अधिक्रमणं नेहमीसारखी एकाच आवर्तकालावर घडी घालून, म्हणजे एकावर एक ठेवून, पाहा. केप्लर-८८ मध्ये ती पसरट, चिखल झाल्यासारखी दिसतील, आणि का ते स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. मग वक्राचा आकार पक्का ठेवून प्रत्येक अधिक्रमणाचा फक्त मध्य मोकळा सोडा. सरळ रेषा वजा करा. लहर काढा. तिच्यातून सोबत्याच्या आवर्तकालाचे सगळे पर्याय लिहा, एकही न गाळता, आणि ग्रहांच्या ओढीतून अधिक्रमणांच्या वेळा काढणाऱ्या टीटीव्हीफास्टसारख्या संचाने प्रत्येकाचं गणित चालवा. शेवटी प्रसिद्ध झालेल्या अरीय वेगांशी ताडा. उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रकल्पाला मार्गदर्शक नाक मुरडतील. मुरडू देत. उत्तर माहीत असल्यामुळेच तुमची पद्धत कुठे फसते ते तुम्हाला कळेल.

हे काम पावसाळ्यासाठी आदर्श आहे. केप्लरचे तारे हंस आणि स्वरमंडळात, जुलैच्या मध्यरात्री जवळजवळ आपल्या डोक्यावर, वर ढगांचं छप्पर. तसंही केप्लर-१९ बीची खोली ०.०६ टक्क्यांहून कमी आहे, तुमच्या गोंगाटाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. ढग नसते तरी काही गमावलं नसतं.

वॅस्प-४३ सोडवत नसेल तर त्यातही सरळ काम आहे. टेसने तो तारा २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिला आहे. एका २७ दिवसांच्या टप्प्यात तीसेक अधिक्रमणं सलग मिळतात, तीही सगळी एकाच घड्याळाची आणि थेट टीडीबीत. त्यांत लहर दिसली नाही, तर 'या आवर्तकालाला यापेक्षा जड सोबती इथे नाही' अशी मर्यादेची रेषा काढा. तो निकाल छापण्याजोगा असतो. तुमचं स्वतःचं अधिक्रमण घड्याळ दुरुस्त करून एक्सोक्लॉक प्रकल्पाकडे पाठवा. युरोपच्या एरियल या अवकाश दुर्बिणीच्या मोहिमेसाठी ते ग्रहांच्या वेळा ताज्या ठेवतात आणि हौशी नोंदी आवर्जून घेतात. अनिश्चितता खरी लिहा, दीड मिनिट तर दीड मिनिट.

पुढचा हंगाम डिसेंबरच्या शेवटी सुरू होईल. तारा मघेच्या २२ अंश दक्षिणेला आहे, ठाणे-नेरुळहून तो ६० अंशांच्या वर चढतो, त्यामुळे टॉवरचा अडथळा टाळता येईल. ग्रह आत शिरण्याच्या पाऊण तास आधी तारा इमारतींच्या वर आलेला असेल अशीच तारीख निवडा. त्यानंतर १३ दिवसांनी अधिक्रमण २२ मिनिटं उशिरा येतं, पण ताराही तोवर रोज ४ मिनिटं लवकर उगवत आलेला असतो, म्हणून दुसऱ्या तारखेला तुम्हाला सपाट पट्टी आणखी लांब मिळेल.